जपानच्या तबकडीचं पेडगावी प्रकाशन

तात्याराव कर्णेवाल्याची आणि सत्यशीलेची पहिली भेट झाली, त्या दिवशी पेडगावातली तीन म्हातारी माणसं जागच्या जागी दचकून उठून बसली, एका म्हशीनं पान्हा चोरला आणि चिंचेवरचे बगळे जे उडाले ते म्हणे थेट गोदावरीच्या पलीकडं जाऊन उतरले. आवाजानं हे झालं असतं तर त्याचं कुणालाच काही वाटलं नसतं. तात्यारावचा कर्णा गावाच्या चांगलाच अंगवळणी पडला होता. झालं होतं ते उलटंच. भर लग्नात, भर दुपारी, गाण्याच्या ऐन मध्यात कर्णा एकदम गप्प झाला होता. एवढी शांतता पेडगावानं ग्रहणातसुद्धा ऐकली नव्हती. नवरदेवाला वाटलं, आपलं लग्न मोडलं.

तात्याराव चिंचेखाली ठेवलेल्या बॅटरीकडं धावला. तिथं दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती. तिच्या एका हातात इतिहासाचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात बॅटरीची उपटलेली वायर.

"ओ कर्णेवाले," ती म्हणाली, "महिन्यावर परीक्षा आली माझी. मी सनावळ्या पाठ करायले अन् तुमी माझ्या कानात ढोल वतायले. पानिपत कितीला झालं ते सांगा, मंग वायर देते."

तात्याराव सातवीत शाळेतून उठलेला. त्यानं डोकं खाजवलं आणि जे सुचलं ते बोलला. "लय आधी झालं."

मुलगी हसली. वायर त्याच्या हातात देऊन निघून गेली. तात्याराव ती वायर धरून किती वेळ उभा होता याबद्दल गावात मतभेद आहेत. वऱ्हाडी मंडळींच्या मते अर्धी पंगत उठेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात त्याच्या ॲम्प्लिफायरच्या पेटीवर लाल रंगात नवं नाव आलं: 'एस. साऊंड सर्व्हिस, पेडगाव'. कुणी विचारलंच तर तो सांगे, एस म्हणजे सगुणाबाई, माझी माय. सगुणाबाईला स्वतःला ते पटलं नव्हतं. चोवीस वर्षांत ज्या पोरानं आईच्या नावानं साधा पाण्याचा तांब्या भरला नाही, तो पेटी कसली रंगवतो? तिनं चार ठिकाणी चौकशी केली, आणि संध्याकाळपर्यंत तिला एसचा सगळा अर्थ कळला.

सत्यशीला ही किशनरावांची मुलगी. किशनराव परभणीच्या कृषी विद्यापीठात कारकून होते. पेडगावच्या बौद्धवाड्यातले ते पहिले सरकारी नोकर. रोज सकाळच्या एस.टी.नं परभणीला जात आणि संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची इस्त्री सकाळसारखीच असे. ते बसमध्ये बसत नसावेत, नुसते टांगून घेत असावेत, असं लोक म्हणत. वाड्यातला कुठलाही अर्ज, कुठलंही भांडण, कुठलंही भाषण त्यांच्याशिवाय होत नसे. भाषणाची तर त्यांना एवढी आवड की बारशालासुद्धा ते प्रास्ताविक करत. माणूस वाईट नव्हता. वाड्यातल्या अकरा पोरांना त्यांनी हाताला धरून शाळेत बसवलं होतं. पण आपण चुकतो, ही गोष्ट त्यांना कुणी कधी शिकवलेली नव्हती, आणि आता शिकायचं वय राहिलं नव्हतं.

सगुणाबाई चैत्रात त्यांच्याकडं गेली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्याजवळ बसून म्हणाली, "भाऊ, माझं पोरगं तुमच्या डोळ्यापुढचं हाय. व्यसन न्हाई, वाकडा पाय न्हाई."

"करतो काय?" किशनराव म्हणाले. त्यांना चांगलं माहीत होतं.

"कर्णा लावतो की."

"म्हणजे दुसऱ्याच्या आवाजावर जगतो."

पण किशनरावांनी नाहीही म्हटलं नाही. बुद्धपौर्णिमा पंधरा दिवसांवर आली होती आणि त्यांना कर्णा लागणार होता. "बघू," ते म्हणाले. "पौर्णिमेचा कार्यक्रम पोरगा कसा उभा करतो ते बघू. समाजाच्या कामी पडतो का बघू. मग बोलू."

सगुणाबाई घरी आली ती उड्या मारतच. तात्यारावनं त्याच संध्याकाळी दोन्ही कर्णे राख लावून घासले.

आता त्या वर्षीची पौर्णिमा साधी नव्हती. कारण किशनरावांच्या कपाटात जपान होतं.

त्याचं असं झालं. उन्हाळ्याच्या तोंडाला विद्यापीठात एक जपानी तज्ज्ञ ज्वारीचे वाण बघायला आले होते. त्यांना चहा-पाणी, कागदपत्रं आणि सावली पुरवायचं काम किशनरावांकडं होतं. पाहुण्यांना विश्रामगृहावरच्या रश्शानं दोन दिवस धड उभं राहू दिलं नाही. तेव्हा किशनरावांनी आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून त्यांना खाऊ घातली. पाहुणे उठून बसले. जाताना त्यांनी बॅगेतून एक छोटी तबकडी काढली, दोन्ही हातांनी पुढं केली आणि कमरेत एवढे वाकले की किशनरावांना वाटलं, यांचं पुन्हा पोट दुखायला लागलं.

"बुद्धा?" किशनरावांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं.

"येस, येस," पाहुणे म्हणाले आणि पुन्हा वाकले.

सोबतच्या दुभाष्यानं सांगितलं, की पाहुण्यांचा पुतण्या गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत आहे. ही नमुन्याची प्रत आहे, तबकडी जपानातसुद्धा जूनमध्ये बाजारात यायची आहे. एवढं ऐकून किशनरावांनी कान मिटले. पुढं दुभाष्या कशाचं गाणं, कुणाचं गाणं असं काही सांगत असेलही. तबकडीचं पाकीट कोरं, पांढरंशुभ्र होतं. पांढरा रंग. वाकून केलेला नमस्कार. बुद्धाच्या देशातला माणूस. यातून वंदना निघाली नाही तर निघणार काय? आणि जी वंदना जपाननं अजून ऐकली नाही, तिचं प्रकाशन पेडगावच्या विहारात, बुद्धपौर्णिमेला, किशनरावांच्या प्रास्ताविकानंतर होणार होतं.

हसायच्या आधी एक लक्षात घ्यावं. त्या वाड्यातल्या माणसांना धम्म घेऊन वीस-एकवीस वर्षं झाली होती. विहार म्हणजे चार पत्रे आणि एक चौथरा. गावातले लोक अजून जुन्याच नावानं हाक मारत. बुद्धाचे देश कुठं कुठं आहेत हे पोरं नकाशात बोट ठेवून दाखवायची, पण त्या देशांतून कधी कुणी "कसं काय, बरं हाय का?" म्हणून विचारलं नव्हतं. आता समुद्रापलीकडच्या भावानं एक वस्तू धाडली होती. ती उलटून पालटून कोण बघत बसतो?

कर्णेवाला बघतो. कुठलीही तबकडी आधी ऐकल्याशिवाय कर्ण्यावर लावायची नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. एका लग्नात तात्यारावकडून विदाईच्या वेळी लावणी वाजली होती, तेव्हापासून तो हा नियम कडक पाळत असे. शिवाय पौर्णिमेच्या आठवडाभर आधी किशनरावांनी ही तबकडी त्याच्या हवाली केली, तेव्हा ती बघूनच तो चक्रावला. मधलं भोक रुपयाएवढं मोठं. त्याच्या यंत्राच्या खिळ्यावर ती बसेचना, घरंगळायची. त्यानं जुन्या चपलेच्या रबराचा गोल तुकडा कापला, मध्ये बारीक छिद्र पाडलं आणि भोकात बसवला. मग ॲम्प्लिफायर बंद ठेवून नुसती सुई टेकवली. कर्णा नसला तरी सुईपाशी कान नेला की गाणं मच्छरासारखं बारीक ऐकू येतं. हे फक्त कर्णेवाल्यांना आणि मच्छरांना माहीत असतं.

त्याच वेळी सत्यशीला दारात आली. प्रकाशनासाठी तबकडी गुंडाळायचा रंगीत कागद आणि फीत वडिलांनी पाठवली होती. सगुणाबाई शेतात धसकटं वेचायला गेली होती.

"काय ऐकायलाव?"

"जपान."

तीही गुडघ्यावर बसली आणि तिनं कान खाली नेला. दोन डोकी त्या सुईच्या दोन बाजूंना, मध्ये वीतभर अंतर. तात्यारावच्या सबंध आयुष्यातली ती सगळ्यात चांगली तीन मिनिटं होती, आणि ती त्यानं श्वास रोखून काढली.

आधी ढोल. मग तुताऱ्यांसारखं काहीतरी, घाईघाईनं. मग दोन पोरी एकाच वेळी गायला लागल्या, आणि मध्येच दोघींनी मिळून अशी आरोळी ठोकली की जणू कुणी मागून चिमटा काढला.

सत्यशीलेच्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरायला लागला. तिनं तो हातानं दाबला.

"ही वंदना न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"मंग?"

"नाचायचं हाय."

दोघं हसायला लागले. भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग दोघांना एकाच वेळी किशनराव आठवले आणि हसू आटलं.

"तुमी सांगा बाबाला," ती म्हणाली.

"तुमीच सांगा की. घरातल्या माणसानं सांगितलेलं बरं."

"मी कशी सांगू? बाबा इचारतील, तू कुठं ऐकलंस? कुणापाशी बसून ऐकलंस? घरात दुसरं कोण होतं?" ती उठली, फीत त्याच्या मांडीवर टाकली. "मी इथं आलेच न्हाई. ध्यानात ठेवा. मी दारातून माघारी गेले."

तात्याराव संध्याकाळी तबकडी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर किशनरावांना गाठायला गेला.

"मामा, एक बोलायचं होतं."

"मामा म्हणू नकोस. अजून काही ठरलेलं नाही."

"साहेब, ती तबकडी वंदनेची न्हाई. नाचाची हाय."

किशनराव थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुला जपानी येतं?"

"न्हाई."

"मग तुला कसं कळलं?"

"पायाला कळलं, साहेब."

"सिलोनात एक रीत, ब्रह्मदेशात एक रीत," किशनराव म्हणाले. "जपानात ढोल वाजवून वंदना करतात. मी वाचलंय. तुला वायरीतलं कळतं, तेवढंच बोलावं. आणि हे भोकात काय घातलंस?"

"रबर. चपलेचं."

"चपलेचं!" किशनरावांचा आवाज थांब्यावरच्या चार माणसांनी ऐकला. मग आवाज खाली आणून ते अगदी सावकाश बोलले. "हे बघ तात्याराव. पत्रिका वाटून झाल्या. परभणीहून सिताराम गुरुजी यायलेत, निवृत्त मुख्याध्यापक. गावातल्या लोकांना बी बोलावलंय. तुला लावायची नसंल तर आत्ताच सांग. मी कर्णा परभणीहून आणतो. अन् पोरीचं बी परभणीकडंच बघतो."

तात्यारावनं मान खाली घातली. "लावतो, साहेब," म्हणाला.

पौर्णिमेच्या दिवशी पाच वाजता ऊन अजून पत्र्यावर कडकडत होतं. सगळा वाडा पांढऱ्या कपड्यांत आला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मागं, विहाराच्या हद्दीबाहेर, गावातली मंडळी उभी होती. बसायला सतरंजी अंथरली होती, पण पायात वहाणा असल्याचं कारण सांगून ती उभीच राहिली. त्यांत बन्सीधर किराणावाले पुढं होते. शेजारच्या पडक्या भिंतीवर रायभान धनगर बसला होता. त्याची मेंढरं खाली होती आणि त्याला गाणं कुठलंही चालायचं.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग किशनराव बोलायला उभे राहिले, आणि त्या दिवशी ते खरोखरच चांगलं बोलले. "अडीच हजार वर्षांपूर्वी हा धम्म आपल्या मातीतून निघाला," ते म्हणाले, "डोंगर ओलांडून गेला, समुद्र ओलांडून गेला. आपण इथं अंधारात राहिलो. आज तो या तबकडीवर बसून घरी परत आलाय." बायांच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले. सगुणाबाई तर हुंदके देत होती. तात्यारावनंही बाहीनं डोळे पुसले, आणि त्याला तर तबकडीत काय आहे हे माहीत होतं.

गुरुजींनी फीत सोडली. टाळ्या झाल्या. तबकडी तात्यारावच्या हातात आली.

कर्णेवाल्यांचं एक जुनं खोटं आहे: बॅटरी उतरली. ते कुणी कधी तपासून बघत नाही. तात्यारावचा डावा हात वायरीवरच होता. पण ऐन वेळी ज्याची बॅटरी उतरते, त्याला किशनराव पोरगी देणार नव्हते. त्यानं बायांच्या रांगेकडं पाहिलं. सत्यशीला पांढऱ्या साडीत होती, पहिल्यांदाच साडीत. तिनं अगदी बारीक मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ लाव असा होता की लावू नको असा, हे त्याला पुढं कधीच कळलं नाही. त्यानं सुई टेकवली.

"सर्वांनी हात जोडून उभे राहा," किशनराव म्हणाले.

जपानच्या बाजारात जे गाणं अजून आलं नव्हतं, ते पेडगावच्या चिंचेवरून दोन कर्ण्यांनी ओतायला सुरुवात केली. ढोल. तुताऱ्या. दोन पोरी. आरोळी. दीडशे माणसं डोळे मिटून, हात जोडून उभी होती. अर्धं मिनिट कुणी हललं नाही. श्रद्धा ही फार टणक गोष्ट आहे. दोन म्हाताऱ्या आरोळीच्या वेळी कपाळ जमिनीला टेकवून आल्या. मग पुढच्या रांगेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांची कंबर हलायला लागली. मग कुणीतरी एक डोळा उघडला.

"वा रे वा!" भिंतीवरून रायभान ओरडला. त्याच्या मनात काही नव्हतं. "लय झकास हाय की! तात्या, ह्यो म्होरचा तुकडा पुन्हा लाव!"

मागं गावातली मंडळी खदाखदा हसत सुटली. "काय किशनराव," बन्सीधर किराणावाले म्हणाले, "जपानात देव असाच नाचवतेत व्हय? मंग आमाला बी घ्या की तुमच्या धरमात!" हसणं लाटेसारखं पुढं आलं. वाड्यातले लोक हात जोडलेले तसेच उभे होते, कारण ते खाली कसे घ्यावेत हे कुणाला सुचत नव्हतं.

तात्यारावनं सुई उचलली. किशनरावांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट दिसत होता. ते चौथऱ्यावरून उतरले, तात्यारावच्या पेटीपाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही ती तबकडी नाही. यानं बदलली."

"मामा!"

"चपलेचा तुकडा घातला तेव्हाच मला शंका आली होती. पवित्र वस्तूत चपलेचं रबर! समाजाची बेइज्जती करायला किती घेतलेस, आणि कुणाकडून?"

"साहेब, मी थांब्यावर सांगितलं तुमाला. नाचाची हाय म्हणून सांगितलं."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं! ऐकलं का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. सातवी शिकलेला कर्णेवाला एका बाजूला, अकरा पोरं शाळेत बसवणारा कारकून दुसऱ्या बाजूला. लोकांनी कुणावर विश्वास ठेवावा? त्यांचंही चुकलं नाही. एवढ्या लोकांपुढं फजिती झाली होती आणि ती कुणाच्या तरी एकाच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं होतं. किशनराव चुकले म्हणजे सगळाच वाडा चुकला असता. तात्याराव चुकला तर एकटा तात्याराव चुकत होता.

सिताराम गुरुजी सज्जन माणूस. ते उठले. "आरोप करण्याआधी खात्री करावी," ते म्हणाले. "ही तबकडी तीच आहे, हे सांगणारं कुणी आहे का? गुंडाळण्यापूर्वी कुणी ऐकली होती का? किशनराव, कागद घेऊन कोण गेलं होतं?"

"माझी मुलगी गेली होती."

गुरुजी बायांच्या रांगेकडं वळले. "पोरी, तुला काही ठाऊक आहे?"

तात्यारावनं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं तर लोकांना दिसेल, असं त्याला वाटलं. तो पेटीवरच्या लाल अक्षरांकडं बघत राहिला.

"न्हाई, गुरुजी," सत्यशीला म्हणाली. "मी दारातून माघारी गेले."

तात्यारावच्या ओठांवर एकच उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर तो त्या क्षणी सुटला असता. ती खोटं बोलते, ती माझ्या घरात बसून माझ्यासोबत हसली होती. एवढंच म्हणायचं होतं. ते त्यानं म्हटलं नाही.

"तरुण आहे," गुरुजी म्हणाले. "माफी मागू द्या. विषय संपवा."

तात्यारावनं माइक हातात घेतला. सवयीनं त्यावर दोनदा टिचकी मारली, फुंकर घातली. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी तबकडी बदलली. समाजानं मला पदरात घ्यावं." आवाज दोन्ही कर्ण्यांतून अगदी स्वच्छ आला. कुठं खरखर नाही, कुठं शिट्टी नाही. पार गावकुसाबाहेर, पोखर्णीच्या वाटेवरच्या शेतांतसुद्धा लोकांना शब्दन् शब्द ऐकू गेला. सेट चांगलाच होता.

सगुणाबाई महिनाभर कुणाशी बोलली नाही. पुढं एकदा जेवताना म्हणाली, "पोरा, तू खरंच बदलली व्हतीस का रं?" तात्याराव हात धुऊन उठला.

वाड्यातली लग्नं त्याला मिळेनाशी झाली. "ऐन वेळी काय लावील नेम न्हाई," असं लोक म्हणत. मधूनमधून रायभान एकटा येई, उंबऱ्यावर बसे आणि म्हणे, "ते जपानचं न्हाई का रं तुज्यापाशी? कसलं ब्येस होतं!" तबकडी किशनरावांनी त्याच संध्याकाळी परत नेली होती. कर्णे आणि पेटी तात्यारावनं दिवाळीआधी मानवतच्या एका माणसाला विकली. त्या माणसानं 'एस' खरवडून तिथं स्वतःच्या नावाचं अक्षर काढून घेतलं. तात्याराव परभणीच्या एका जिनिंगात कापसाच्या गाठी उचलायला लागला. तिथल्या यंत्रांच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि कामगार हातवाऱ्यांनी बोलत. तो लवकर शिकला.

सत्यशीला मॅट्रिक पास झाली. पुढच्या वैशाखात तिचं जिंतूरच्या एका कंपाउंडरशी लग्न झालं.